सहपंच साथ देत नसेल तेव्हा: दोन पंचांचा बास्केटबॉल सामना कसा पार पाडावा

जिल्हास्तर शालेय स्पर्धा असो, संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन लढती असोत, की उन्हाळ्याच्या सुट्टीतली निमंत्रित स्पर्धा असो, मराठवाड्यात बहुतेक सामने दोनच पंच चालवतात. तिसरा पंच नसल्याने एकाने साथ सोडली की अर्धं मैदान उघडं पडतं. आणि अशा वेळी दुसरा पंच जे करतो ते बहुतेकदा चुकीच्या क्रमाने करतो. मैदानातच सहपंचाला समज देतो, त्याच्या वाट्याचे फाऊल स्वतः वाजवत सुटतो, नाहीतर दोन क्वार्टर गप्प बसून तिसऱ्यात भडकतो.

खालचा क्रम फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांप्रमाणे दोन पंचांच्या पद्धतीसाठी आहे. यातलं निम्मं काम चेंडू उडण्याआधीचं आहे. ते टाळलं तर पुढचे टप्पे फारसे उपयोगाला येत नाहीत.

१. आधी दोन नियम पक्के करा

मतभेद झाला तर अंतिम निर्णय क्रू चीफचा (दोघांतला मुख्य पंच; दुसरा तो अंपायर), हे सगळ्यांच्या लक्षात असतं. त्याच नियमावलीत असंही आहे की एका पंचाने आपल्या अधिकारात दिलेला निर्णय दुसऱ्या पंचाला रद्द करता येत नाही. यातून क्रू चीफही सुटत नाही. क्रू चीफ मतभेद मिटवतो. सहपंचाने वाजवलेला ढकलण्याचा फाऊल ‘मला तसं वाटलं नाही’ म्हणून खोडणं त्याच्या हातात नाही.

दुसरा नियम पुस्तकात नाही, पण सगळी मदार त्यावर आहे. सहपंचाच्या चुका दोन ढिगांत वेगळ्या करायला शिका. एक ढीग अंदाजाच्या चुकांचा: धक्का होता की नव्हता, ट्रॅव्हल (चेंडू हातात धरून जास्त पावलं) होतं की नव्हतं, चार्ज की ब्लॉक (धडकेचा दोष चेंडूवाल्याचा की अडवणाऱ्याचा). दुसरा ढीग नियमाच्या चुकांचा: फ्री थ्रो किती, टाकणारा कोण, बास्केट दोनची की तीनची, घड्याळात किती वेळ, टीम फाऊल (त्या क्वार्टरमधले संघाचे एकूण फाऊल) किती. पहिल्या ढिगातलं मैदानात सोडून द्यायचं आणि विश्रांतीत बोलायचं. दुसऱ्या ढिगातलं जागेवर थांबवायचं, सहपंच कितीही ज्येष्ठ असो. भांडणारे पंच बहुतेक याच्या बरोबर उलटं करतात. धक्क्यावरून वाद घालतात आणि चुकीचा खेळाडू फ्री थ्रो टाकून जातो.

२. आदल्या दिवशी: कोण आहे आणि कुठला आहे

नेमणूक कळली की सहपंचाला फोन करा. पाच मिनिटं पुरेत. मैदानावर पोचायची वेळ, शर्टाचा रंग आणि क्रू चीफ कोण, एवढंच विचारा. शर्टाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण एकजण राखाडी शर्टात आणि दुसरा शाळेच्या ट्रॅकसूटमध्ये आला की पहिल्या शिट्टीआधीच कोच कोणाचं ऐकायचं ते ठरवून टाकतात.

आपल्याकडे बरेच पंच स्वतः क्रीडा शिक्षक असतात. त्यांच्या शाळेचा संघ त्याच गटात, त्याच ड्रॉमध्ये असू शकतो. सहपंचाच्या शाळेचा सामना असेल, किंवा या सामन्याच्या निकालावर त्याच्या संघाचं पुढे जाणं ठरत असेल, तर आदल्या दिवशीच स्पर्धाप्रमुखाला सांगा. बोलणं साधं ठेवा: ‘या सामन्याला सरांच्या शाळेचा संबंध येतो. उद्या कोणी बोट दाखवू नये म्हणून जोडी बदलता आली तर बघा.’ सहपंचाच्या प्रामाणिकपणाबद्दल एक शब्दही काढू नका. हीच गोष्ट टॉसच्या वेळी काढली तर तो आरोप ठरतो आणि पुढची चाळीस मिनिटं त्याचीच भरपाई करावी लागते.

*सावधान:* सहपंच ‘कसा आहे’ हे इतर पंचांना विचारत फिरू नका. ते त्याच्यापर्यंत पोचतं.

३. मैदान आणि टेबल: एकट्याने करायची तपासणी

पंचांचा अधिकार सामना सुरू होण्याच्या २० मिनिटं आधी सुरू होतो. तुम्ही ४५ मिनिटं आधी पोचा. साथ न देणारा सहपंच बहुधा उशिरा येतो. तो येईपर्यंत ज्या गोष्टींवरून पुढे वाद होऊ शकतो, त्या तुम्ही पाहून ठेवलेल्या असाव्यात.

सगळ्यात आधी रेषा पाहा. फिबाने २०१० मध्ये तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर नेली. त्याआधी आखलेल्या सिमेंटच्या मैदानांवर जुनी रेषा अजून दिसते, आणि काही ठिकाणी जुन्या-नव्या दोन्ही दिसतात. एक पंच आतली रेषा धरतो, दुसरा बाहेरची, आणि त्याच जागेवरून एकदा दोन तर एकदा तीन गुण मिळतात. कोणती रेषा धरायची ते ठरवून दोन्ही कोचना आणि टेबलाला एकदमच सांगा. बास्केटखालचं नो-चार्ज अर्धवर्तुळ (१.२५ मीटर त्रिज्या) कित्येक मैदानांवर आखलेलंच नसतं. खडूने आखून घ्या. नाहीतर चार्ज-ब्लॉकचा प्रत्येक निर्णय दोघांच्या मनातल्या वेगवेगळ्या वर्तुळांवर जाईल.

मग टेबल. स्कोअरर कोण, टायमर कोण, शॉट क्लॉक (बास्केटचा प्रयत्न करायला मिळणाऱ्या २४ सेकंदांचं घड्याळ) आहे का, पझेशन अ‍ॅरो (चेंडू कोणाचा ते ठरत नसेल तेव्हा तो कोणाला द्यायचा हे दाखवणारा बाण) कशाचा केलाय. शॉट क्लॉक नसेल तर २४ सेकंद कोण मोजणार आणि कसं कळवणार, हे आयोजकांकडून स्पष्ट करून घ्या. पुढाकार घेणाऱ्या स्कोअररशी नीट ओळख करून ठेवा. सहपंच फाऊल नीट कळवत नसेल तर ऐन वेळी हाच माणूस तुमच्याकडे बघणार आहे. त्याला एकच सांगा: ‘कळलं नाही तर अंदाजाने लिहू नका, चेंडू डेड झाला की हॉर्न द्या.’ (चेंडू डेड म्हणजे खेळ थांबलेला.)

*तपासा:* तीन गुणांची रेषा एकच ठरली? टेबलावरच्या प्रत्येकाला आपलं काम माहीत आहे?

४. सामन्याआधीची बैठक: टाळणाऱ्यालाही बसवायचं कसं

अनुभवी सहपंच बैठक टाळतो तेव्हा ठरलेलं वाक्य येतं: ‘होतंय की सर सगळं, मी काय नवीन करायलोय का?’ इथे आग्रह धरला की तो अपमान समजतो. पंधरा मुद्द्यांची यादी काढू नका. चहा घेता घेता किंवा मैदानाकडे चालताना तीनच गोष्टी विचारा, त्याही प्रश्न म्हणून. सूचना ऐकायला माणूस तयार नसतो, प्रश्नाचं उत्तर मात्र देतो, आणि स्वतः दिलेलं उत्तर त्याला पाळावं लागतं.

पहिला प्रश्न: ‘सर, दोघांची शिट्टी एकदम वाजली तर कोणी घ्यायचं?’ अपेक्षित उत्तर असं: दोघांनीही मूठ वर ठेवायची, चार्ज-ब्लॉकची खूण लगेच करायची नाही, एकमेकांकडे बघायचं, आणि खेळ ज्याच्या भागाकडे येत होता त्याने घ्यायचं. तो वेगळं काही म्हणाला तरी चालेल, फक्त काहीतरी एक ठरलं पाहिजे.

दुसरा: ‘बाहेर गेलेल्या चेंडूवर तुम्हाला दिसलं नाही तर मी कशी मदत करू? खूण करू की जवळ येऊ?’ पद्धत अशी ठेवा की मदत करणाऱ्याने दिशा बदलायची नाही. जवळ जाऊन हळू आवाजात ‘पांढऱ्याच्या बोटाला लागला’ एवढी माहिती द्यायची. दिशा बदलायची की नाही ते ज्याने शिट्टी वाजवली तो ठरवेल. दोघांचं एकमत नाहीच झालं तर भांडण्याचं कारण नाही. शेवटचा स्पर्श कोणाचा याबद्दल पंचांना शंका असेल किंवा त्यांच्यात मतभेद असेल तर फिबाच्या नियमाने ती जंप बॉलची स्थिती ठरते, आणि चेंडू अ‍ॅरोप्रमाणे जातो.

तिसरा: ‘क्वार्टर संपताना टाकलेल्या बॉलचा निर्णय कोणाचा?’ साधारणपणे ट्रेलचा, म्हणजे खेळाच्या मागून येणाऱ्या पंचाचा (पुढे बास्केटमागच्या एंडलाइनवर उभा असतो तो लीड). मतभेद झाला तर क्रू चीफ दुसऱ्या पंचाशी आणि टेबलाशी बोलून ठरवतो.

सहपंच अजून जुन्याच नियमांवर चालत असेल तर बैठकीत एकच जास्तीचा विषय घ्या. ‘यंदा मुलं फार विचारतात म्हणून’ असं म्हणून हे चार मुद्दे काढा: आक्रमक रिबाउंडनंतर (हुकलेला बॉल टाकणाऱ्याच संघाला परत मिळाल्यावर) शॉट क्लॉकवर १४ सेकंद, टेक्निकल फाऊलला एकच फ्री थ्रो आणि त्यानंतर खेळ जिथे थांबला होता तिथून, चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या २ मिनिटांत एका संघाला जास्तीत जास्त दोन टाइम-आउट, आणि त्याच काळात थ्रो-इन (बाहेरून चेंडू आत टाकणं) होण्याआधी बचावाच्या खेळाडूने मैदानात केलेल्या फाऊलला एक फ्री थ्रो आणि वर चेंडू. हा शेवटचा नियम २०२२ मध्ये आला, आणि सगळ्यात जास्त गोंधळ त्यावरच होतो. नियमावली मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, पण बैठकीत तोंडासमोर धरू नका.

*तपासा:* वरच्या तीन प्रश्नांची सहपंचाने दिलेली उत्तरं तुम्हाला सांगता येतात? नसतील तर टॉसआधी दोन मिनिटं आहेत.

५. पहिली पाच मिनिटं: बघा, सुधारू नका

पहिल्या काही मिनिटांत सहपंचाच्या सवयी कळतात. तो चेंडूमागेच धावतो का, शिट्टीनंतर टेबलाकडे नीट जातो का, थ्रो-इन देण्याआधी तुमच्याकडे बघतो का. मनात नोंद ठेवा, चेहरा कोरा ठेवा. याच काळात तुम्ही एक सवय लावा: प्रत्येक डेड बॉलला त्याच्या डोळ्यांकडे बघा.

तो बघत नसेल तर तुमच्या हातात एक गोष्ट आहे, ती म्हणजे चेंडू. थ्रो-इन किंवा फ्री थ्रो तुम्ही देत असाल तर सहपंचाची नजर मिळेपर्यंत चेंडू खेळाडूला देऊ नका. सेकंदभर थांबा, अंगठ्याची खूण करा. दोन-तीनदा झालं की तोही बघायला लागतो, कारण सगळं मैदान त्याच्यासाठी थांबलेलं असतं. न बोलता एवढा परिणाम करणारा दुसरा उपाय या खेळात नाही.

दोन पंचांच्या पद्धतीत साधारण प्रत्येक फाऊलनंतर लीड आणि ट्रेल जागा बदलतात. काहीजण बदलत नाहीत. विशेषतः एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीच्या पुढे असताना, सावलीकडची बाजू कोणालाच सोडवत नाही. पहिल्या वेळी नुसतं हाताने दाखवा. तरीही नसेल बदलत तर त्या डेड बॉलला वाद घालू नका. कोणत्या जागा रिकाम्या राहिल्या ते बघा आणि तुम्ही त्या भरा.

६. खेळ चालू असताना: त्रास कोणता, त्याप्रमाणे उपाय

*तुमच्या भागातले फाऊल तो वाजवतो.* लीड पोस्टपासून (बास्केटजवळच्या जागेपासून) दोन मीटरवर उभा असतो आणि फाऊल येतो आठ मीटरवरून, ट्रेलकडून, चार अंगांच्या आडून. खेळाडू चिडतात ते फाऊलवर कमी, आणि जवळचा पंच गप्प असताना लांबचा वाजवतो यावर जास्त. इथे शर्यत लावू नका. तुम्हीही त्याच्या भागात वाजवायला लागलात तर चेंडूपासून दूरचा खेळ कोणीच बघत नाही, आणि खरी मारामारी तिथेच होते. दुहेरी शिट्टी झाली तर मूठ वर ठेवा, घाईने खूण करू नका, तो घेत असेल तर घेऊ द्या. दोघांच्या खुणा उलट झाल्याच (एकाचा चार्ज, दुसऱ्याचा ब्लॉक) तर मैदानाच्या मध्ये जवळ या, कोणी काय पाहिलं ते एकेका वाक्यात सांगा, आणि क्रू चीफने ठरवून एकानेच टेबलाला कळवा. असं किती वेळा झालं ते मनात मोजा. पहिल्या विश्रांतीला तो आकडा लागणार आहे.

*तो वाजवतच नाही.* हा जास्त धोकादायक. बास्केटखाली कोपरं चालतात, लीड शांत, आणि ट्रेल म्हणून तुम्हाला सगळं दिसतं. किती आत जायचं? तीनच बाबतींत: दुखापत होऊ शकेल असा संपर्क; रिबाउंडवरचा असा धक्का, ज्याने चेंडू कोणाकडे जातो ते बदललं; आणि चेंडूच्या उड्डाणातली ढवळाढवळ, जी तशीही ट्रेलचीच जबाबदारी आहे. त्यातही संपर्काची सुरुवात, मध्य आणि शेवट तुम्ही पाहिला असेल तरच. नुसता खाली पडलेला खेळाडू बघून वाजवलेली शिट्टी बहुतेक वेळा चुकते. बाकीचं सोडा. प्रत्येक राहिलेला फाऊल भरून काढायला गेलात की स्वतःच्या भागातले तुमचेच सुटतात.

*तो धावत नाही.* चेंडू पलटला की ट्रेलने लीड व्हायचं असतं. तो अर्ध्या मैदानात थांबला की फास्ट ब्रेकला (झटपट उलट हल्ल्याला) एंडलाइनवर कोणी नसतं. तुम्ही मागून येत असाल तर थोडं जास्त खोल जा, रिंगच्या कोनात या, आणि तीन गुणांचा प्रयत्न खुणेने लवकर दाखवा. दुपारच्या तिसऱ्या-चौथ्या सामन्यात हे आळसाने होत नाही, अंगातलं पाणी संपलेलं असतं. टाइम-आउटमध्ये त्याच्या हातात पाण्याची बाटली द्या. कधी कधी सगळा असहकार तिथेच संपतो.

*तो एका संघाकडे झुकलाय असं वाटतं.* या ठिकाणी सगळ्यात मोठी चूक होते: दुसरा पंच तोल साधायला जातो. सहपंचाने निळ्याला चार फाऊल दिले म्हणून आपण पांढऱ्यावर दोन शोधायचे. आता मैदानावर दोन पक्षपाती पंच झाले. तुमच्या शिट्टीचा निकष पहिल्या मिनिटाला जो होता तोच शेवटच्या मिनिटाला ठेवा. संशय खरा असेल तर तो अहवालात जातो, शिट्टीत नाही. आणि फाऊल एका बाजूला जास्त असणं हा पुरावा नाही, हेही लक्षात ठेवा. दाबून खेळणाऱ्या संघाचे फाऊल जास्त होतातच.

*तो कोचसमोर तुमच्यावर ढकलतो.* ‘तो त्यांनी दिला, मला नका विचारू.’ हे वाक्य एकदा गेलं की पुढचा अर्धा तास कोच दोघांमध्ये फिरत राहतो. उलट ढकलू नका. तुम्हाला विचारलं आणि तुम्ही पाहिलं नसेल तर सरळ सांगा: ‘कोच, मी दुसरीकडे बघत होतो. निर्णय पंचांचा आहे.’ पाहिलं नसताना ‘बरोबरच होतं’ म्हणू नका. कोचला तुम्ही कुठे बघत होता ते माहीत असतं.

*त्याची कोचशी जुंपते.* लगेच मध्ये जा, पण कोचकडे तोंड करून. सहपंचाला पाठ द्या आणि त्याला लांबच्या बाजूला जायला जागा करा. टेक्निकल वाजवलाच असेल तर टेबलाला त्यानेच कळवायचं. ते झालं की बेंचच्या बाजूला तुम्ही राहा. आता शिक्षा तुम्ही मोजा, कारण चिडलेला पंच जुन्या सवयीने दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही देतो.

*तो नियमाची चूक करतो.* चुकीचा खेळाडू फ्री थ्रोला उभा, चौथ्याच टीम फाऊलला दोन फ्री थ्रो, किंवा पाचव्याला साधा थ्रो-इन. इथे शिट्टी वाजवा, चेंडू स्वतःकडे घ्या, सहपंचाकडे चालत जा. शब्द असे: ‘सर, टेबलावर टीम फाऊल चार आहेत, एकदा बघून घेऊ.’ चूक तुमची म्हणायचं नाही, टेबल बघू म्हणायचं. टेबलाकडे दोघांनी मिळून जा. वेळेची मर्यादा ध्यानात असू द्या. फ्री थ्रोची ही चूक घड्याळ सुरू झाल्यानंतर पहिल्यांदा चेंडू डेड होऊन तो परत लाइव्ह व्हायच्या आत लक्षात यावी लागते. त्यानंतर ती तशीच राहते. म्हणून इथे संकोच परवडत नाही. गुणलेखनातली किंवा वेळनोंदीतली चूक मात्र क्रू चीफ स्कोअरशीटवर सही करेपर्यंत दुरुस्त होऊ शकते.

*सावधान:* सहपंचाच्या शिट्टीवर मान हलवणं, डोळे फिरवणं, हसणं, खेळाडूशी नजरेने सहमत होणं. हे सगळं गॅलरीतूनही दिसतं, आणि त्याला तर आधी दिसतं.

७. विश्रांतीत बोलायचं: एक गोष्ट, एक प्रश्न

टाइम-आउट १ मिनिटाचा, क्वार्टरमधली विश्रांती २ मिनिटांची, हाफ टाइम १५ मिनिटांचा. टाइम-आउटमध्ये फक्त माहिती द्या: टीम फाऊल किती, चेंडू कोणाचा, किती खेळाडू चार फाऊलवर. वागण्याबद्दलचं बोलणं क्वार्टरच्या विश्रांतीपर्यंत थांबवा, आणि ते बेंच व टेबलापासून लांब, पाठ कोणाकडेही न करता, दोघंही मैदानाकडे बघत करा. समोरासमोर उभं राहून हातवारे केले की ते भांडण दिसतं.

बोलताना आकडा आणि घटना सांगा, स्वभाव काढू नका. ‘तुम्ही सगळं माझ्याच भागातलं वाजवायलात’ असं म्हटलं की त्याला बचाव करावा लागतो. ‘सर, पोस्टमधले तीन फाऊल वरून आले. मी खाली जास्त उजवीकडे उभा आहे का? तुम्हाला मोकळं दिसायलंय का तिथून?’ या प्रश्नाला उत्तर आहे. एका विश्रांतीत एकच गोष्ट काढा. दुसरी मनात असली तरी पुढच्या वेळेसाठी ठेवा.

सहपंच तुमचा शिक्षक असेल, किंवा ज्याच्या हाताखाली पंचगिरी शिकलात तो असेल, तर मैदानात ‘सर’ आणि ‘तुम्ही’ सोडू नका, पण माहिती अर्धी करू नका. आदर शब्दांत दाखवायचा असतो, फ्री थ्रोची संख्या सोडून देण्यात नाही. महिला पंचांना आणखी एक अडचण येते: कोच आणि सहपंच दोघेही त्यांना ओलांडून आपसात बोलतात. अशा वेळी बोलणं संपायची वाट बघू नका. तिथे जाऊन उभ्या राहा आणि निर्णय स्वतः सांगा.

क्रू चीफ तुम्ही असाल तर एक सूट आहे: हाफ टाइमला ‘पुढच्या हाफला असं करू’ असं स्पष्ट सांगू शकता. क्रू चीफ तोच असेल आणि त्रासही तोच देत असेल तर तुमच्याकडे माहिती देण्याचा हक्क आहे, आदेशाचा नाही. माहिती द्या, तो ठरवेल, निर्णय तुमच्याही नावावर राहील.

८. शेवटची २ मिनिटं

चौथ्या क्वार्टरला २ मिनिटं उरली की, चेंडू डेड होताच, सहपंच बोलत नसला तरी तुम्ही पुढे व्हा. चार गोष्टी मोठ्याने म्हणा: दोन्हीकडचे टीम फाऊल, दोन्हीकडचे उरलेले टाइम-आउट, अ‍ॅरोची दिशा, आणि ‘आता बास्केट झाली की घड्याळ थांबणार’. टेबलालाही ऐकू जाऊ द्या. स्वयंसेवक टायमर बास्केटनंतर घड्याळ थांबवायला हमखास विसरतो, आणि जो सहपंच टेबलाकडे बघत नाही त्याच्या ते लक्षातही येत नाही. म्हणून या २ मिनिटांत प्रत्येक बास्केटनंतर घड्याळावर नजर टाकण्याचं काम तुमचं समजा.

शेवटचा बॉल घेतानाची अडचण वेगळी. ट्रेल सहपंच असेल आणि हॉर्न-शिट्टी-बास्केट एकदम झालं तर तुम्ही लगेच खूण करू नका. दोन पंच दोन खुणा करून उभे राहिले की त्यापुढचं कोणतंही स्पष्टीकरण चालत नाही. आधी जवळ या. बॉल हातातून सुटला तेव्हा हॉर्न झाला होता का, एवढाच प्रश्न. टायमरला विचारा. क्रू चीफने ठरवावं आणि एकानेच खूण करावी.

९. स्कोअरशीट आणि त्यानंतर

सामना संपला की सहपंच बॅग उचलून निघायच्या बेतात असतो. सही झाल्याशिवाय तो जाता कामा नये. गुणांची बेरीज दोघांनी मिळून तपासा, टेबलाच्या सह्या आधी, मग अंपायर, आणि क्रू चीफची सही सगळ्यात शेवटी. प्रोटेस्ट (निकालावर औपचारिक हरकत) करायचा असेल तर कर्णधाराने सामना संपल्यापासून १५ मिनिटांच्या आत क्रू चीफला कळवून शीटवर सही करायची असते. त्या वेळेत दोघंही टेबलाजवळ असावेत. गुणलेखन, घड्याळ आणि शॉट क्लॉकच्या न सुधारलेल्या चुका प्रोटेस्टपर्यंत जातात, चार्ज की ब्लॉक हा वाद जात नाही. दोन ढीग वेगळे ठेवण्याचा फायदा इथे दिसतो.

सहपंचाबद्दल लिहायचंच असेल तर त्याच दिवशी, स्पर्धाप्रमुखाला किंवा ज्या संघटनेने नेमणूक केली तिच्या पंचप्रमुखाला, लेखी. क्वार्टर, घड्याळातली वेळ, स्कोअर, काय घडलं, कोणते शब्द वापरले गेले, तुम्ही काय केलं. ‘उद्धट’, ‘पक्षपाती’ हे शब्द काढून टाका. ते वाचणाऱ्याला ठरवू द्या. एक पान पुरे. जिल्ह्यातल्या पंचांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यातला एक शब्दही टाकू नका. पुढच्या स्पर्धेत जोडी तीच लागू शकते, आणि त्या सामन्याची बैठक मग ग्रुपवरच्या मेसेजपासून सुरू होते.

अंदाजाच्या चुकांसाठी अहवाल लिहू नका. त्या चहाच्या टपरीवर बोलायच्या, तेही त्याने विषय काढला तर. अहवालात जाणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत: वेळेवर न येणं, सामना चालू असताना मैदान सोडणं, शिवीगाळ, संघाशी असलेला संबंध लपवणं, आणि सांगूनही नियमाची चूक न सुधारणं.